तारेतून पडद्यावर : घरगुती प्रोजेक्टरच्या जोडण्यांचा इतिहास

घराच्या भिंतीवर मोठे चित्र पाडून चित्रपट पाहण्याच्या हौसेचा इतिहास लिहिताना दिवा, भिंग आणि पडदा यांच्याकडे लक्ष जाणे स्वाभाविक आहे. चित्र जिथून निघते ते यंत्र आणि ते पडद्यावर फेकणारा प्रोजेक्टर यांच्यामधल्या तारेला त्या इतिहासात स्वतंत्र प्रकरण क्वचितच मिळते. वस्तुतः विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घरगुती चित्राचा दर्जा ज्या ज्या वेळी एक पायरी वर चढला, त्या त्या वेळी बहुधा या तारेतही बदल झाला होता, आणि एकविसाव्या शतकात त्या दर्जावर जी बंधने आली तीही याच तारेच्या वाटेने आली. प्रोजेक्टरच्या मालकांना हे सर्वांत आधी उमगले, याचे कारण साधे आहे. वीस इंची दूरचित्रवाणी संचावर जो दोष डोळ्यांना जाणवतही नाही, तो शंभर इंची पडद्यावर, क्षेत्रफळाने पंचवीस पट मोठा होऊन, प्रेक्षकासमोर उभा राहतो. त्यामुळे जोडणीतल्या उणिवा प्रथम त्यांच्याच खोल्यांत उघड्या पडल्या, त्यांवरचे महागडे उपाय प्रथम त्यांच्यासाठीच तयार झाले, आणि पुढे चित्रपट उद्योगाने तारेला कुलूप लावले तेव्हा पहिला फटकाही त्यांनाच बसला.

व्हिडिओ प्रोजेक्टर घरात स्थिरावण्यापूर्वी अनेक वर्षे प्रयोगशाळांत आणि सभागृहांत वावरत होता. झुरिचच्या तंत्रविद्यापीठातील प्राध्यापक फ्रिट्झ फिशर यांनी १९३९मध्ये आयडोफोर या यंत्राची कल्पना मांडली. तेलाच्या पातळ थरावर इलेक्ट्रॉनांचा झोत फिरवून चित्राच्या उजळपणानुसार त्या थराला सूक्ष्म सुरकुत्या पाडायच्या, आणि प्रखर दिव्याचा प्रकाश त्या सुरकुत्यांवरून वळवून पडद्यावर न्यायचा, अशी ती विलक्षण कल्पना होती. पहिला नमुना १९४३मध्ये चालला. फिशर १९४७मध्ये निवर्तले, तरी त्यांचे यंत्र पुढील कित्येक दशके मोठ्या सभागृहांत वापरले गेले. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगलबार्ट यांनी माउस आणि संगणकावरील परस्परसंवादी लेखन यांचे जे प्रसिद्ध प्रात्यक्षिक केले, त्यातील चित्र आयडोफोरनेच पडद्यावर पाडले होते. संगणक होता सुमारे ५० किलोमीटरवरच्या मेन्लो पार्क येथे, आणि चित्र तेथून सूक्ष्मलहरींच्या दुव्यांवरून सभागृहात आणले गेले होते. अशा प्रसंगी जोडणी हे अभियंत्यांच्या पथकाचे काम असे. घरात ते काम यंत्र विकत घेणाऱ्यालाच करावे लागणार होते, आणि घरगुती जोडण्यांच्या इतिहासातील बहुतेक गुंतागुंत याच फरकातून जन्मली.

१९७०च्या दशकाच्या पहिल्या वर्षांत हेन्री क्लॉस यांच्या ॲडव्हेंट कंपनीने व्हिडिओबीम नावाचा प्रोजेक्टर घरगुती ग्राहकांसाठी बाजारात आणला. क्लॉस हे ध्वनिवर्धकांच्या क्षेत्रात आधीच नाव कमावलेले अमेरिकी संशोधक होते. त्यांच्या यंत्रात लाल, हिरव्या आणि निळ्या चित्रासाठी तीन स्वतंत्र नळ्या होत्या आणि ती तीन चित्रे सुमारे सात फूट कर्णाच्या, किंचित वक्र, खास लेप दिलेल्या पडद्यावर एकमेकांवर नेमकी बसवली जात. तीन नळ्यांची ही रचना पुढे सुमारे तीस वर्षे उत्तम घरगुती प्रोजेक्टरची ओळख ठरली. मात्र या पडद्यावर दाखवायचे काय, हा प्रश्न सुरुवातीला अवघड होता, कारण प्रक्षेपित होणाऱ्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांखेरीज घरात दुसरा स्रोत जवळपास नव्हताच. १९७५मध्ये सोनीचे बेटामॅक्स आणि १९७६मध्ये जेव्हीसीचे व्हीएचएस आले, डिसेंबर १९७८मध्ये अमेरिकेत लेझरडिस्कची विक्री सुरू झाली, आणि मग कुठे जोडणीचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला.

त्याचे पहिले उत्तर फारच वळणाचे होते. व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डरमधून निघालेले चित्र आधी एका रेडिओ लहरीवर चढवायचे, म्हणजे यंत्राने स्वतःच एक छोटे प्रक्षेपण केंद्र व्हायचे, आणि ते प्रक्षेपण ॲन्टेनाच्याच सॉकेटातून आत घेऊन संचाने ते एखाद्या रिकाम्या चॅनलवर पकडायचे. बाजारातल्या संचांना ॲन्टेनाखेरीज दुसरे प्रवेशद्वारच नसल्यामुळे ही तडजोड अपरिहार्य होती. पण चित्र लहरीवर चढवताना आणि उतरवताना बारकावे दोन्ही वेळा गळत आणि शेजारच्या चॅनलचा उपद्रव वेगळाच. रेडिओ लहरीचा हा वळसा टाळून चित्राचा सिग्नल थेट तारेतून नेण्याची सोय आली तेव्हा ती पिवळ्या टोकाच्या तारेच्या रूपाने घरोघर परिचित झाली. तिचे टोक मात्र व्हिडिओसाठी बनलेलेच नव्हते. आरसीए कंपनीने रेडिओ आणि ग्रामोफोन एकमेकांना जोडण्यासाठी दुसऱ्या महायुद्धापूर्वी जी साधी पिन वापरात आणली, तीच पिवळा, पांढरा आणि लाल असे रंग धारण करून जगभर पसरली. चित्रासाठी पिवळी, आवाजाच्या डाव्या-उजव्या बाजूंसाठी पांढरी आणि लाल, ही खूण भारतातही कोणाला शिकवावी लागली नाही.

पिवळ्या तारेतून जाणाऱ्या सिग्नलला संयुक्त, म्हणजे कंपोझिट, म्हणतात, आणि त्याचा दोष त्याच्या जन्मातच होता. अमेरिकेत डिसेंबर १९५३मध्ये रंगीत दूरचित्रवाणीचे एनटीएससी मानक मंजूर झाले तेव्हा लक्षावधी घरांत कृष्णधवल संच होते, आणि ते निरुपयोगी न करता नव्या प्रक्षेपणात रंग आणायचा होता. यावर अभियंत्यांनी काढलेला तोडगा बुद्धिमत्तेचा उत्तम नमुना होता. चित्राचा उजळपणा पूर्वीप्रमाणेच पाठवायचा आणि रंगाची माहिती सुमारे ३.५८ मेगाहर्ट्झच्या एका दुय्यम लहरीवर बसवून त्याच पट्ट्यात मिसळून टाकायची. कृष्णधवल संच तिच्याकडे दुर्लक्ष करतील आणि रंगीत संच ती वेगळी काढतील. परंतु एकदा मिसळलेले दोन सिग्नल पूर्णपणे वेगळे करणे त्या काळच्या कोणत्याही परवडणाऱ्या यंत्राला जमणारे नव्हते. रंगाचा अंश उजळपणात राहिला की रंगीत आकृतीच्या कडेवर ठिपक्यांची साखळी सरकताना दिसे, आणि उजळपणाचा अंश रंगात गेला की पट्ट्यापट्ट्यांच्या सदऱ्यावर इंद्रधनुष्यी लाटा उठत. लहान संचावर प्रेक्षक हे पोटात घालत असे. प्रोजेक्टरवर मात्र ठिपक्यांची ती साखळी नटाच्या चेहऱ्याशेजारून चालत जाई.

पश्चिम जर्मनीत टेलेफुंकनचे अभियंते वाल्टर ब्रुख यांनी विकसित केलेली पाल पद्धती १९६७मध्ये प्रक्षेपणात आली. तिने एनटीएससीत होणारी रंगछटांची ओढाताण आटोक्यात आणली, पण रंग आणि उजळपणा यांची मिसळण तिनेही कायम ठेवली. १९८२च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षी भारतीय दूरचित्रवाणीत रंग आला तो याच पाल पद्धतीने, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रातील गावोगावी जी व्हिडिओ पार्लरे उघडली त्यांत व्हीसीआर आणि पडदा यांच्यामध्ये धावणारी तार बहुतेक ठिकाणी हीच एक, सर्व काही एकत्र वाहणारी तार होती. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना या मानकांच्या भिन्नतेची किंमत वेगळ्या रीतीने मोजावी लागली. मायदेशातून प्रेमाने नेलेली नाटकाची किंवा घरच्या लग्नाची पाल कॅसेट तेथील एनटीएससी यंत्रात चालत नसे. ती रूपांतरित करून घ्यावी लागे किंवा दोन्ही पद्धती जाणणारे महागडे यंत्र विकत घ्यावे लागे. तार दोन्हीकडे सारखी, पिन सारखी, तरीही एकीकडचे चित्र दुसरीकडे उमटू नये, या अनुभवाने कित्येकांना जोडणी म्हणजे केवळ तांबे नव्हे हे शिकवले.

मिसळलेले पुन्हा वेगळे करण्यापेक्षा मुळात मिसळूच नये, या विचाराचे पहिले व्यापक रूप म्हणजे एस-व्हिडिओ. १९८७मध्ये जेव्हीसीने व्हीएचएसची सुधारित आवृत्ती आणली आणि तिच्यासोबत चार बारीक पिनांचे गोल टोक रूढ झाले, ज्यात उजळपणाला एक मार्ग आणि रंगाला दुसरा मार्ग दिला होता. सुधारणा डोळ्यांना लगेच दिसे. पण येथे एक विसंगती होती, जिच्यावर त्या काळच्या जाणकारांत बराच वाद झाला. घरगुती प्रोजेक्टरचा सर्वांत उत्तम स्रोत मानली जाणारी लेझरडिस्क चित्र संयुक्त स्वरूपातच साठवत असे. म्हणजे तिच्या यंत्रावर एस-व्हिडिओचे सॉकेट असले, तरी त्यातून निघणारे विलग सिग्नल यंत्राने स्वतःच आतल्या आत फोडलेले असत. अशा वेळी फोडण्याचे काम कोण चांगले करतो, यंत्र की प्रोजेक्टर, यावर तार निवडावी लागे. प्रोजेक्टरमधील गाळणी सरस असेल तर नव्या चार पिनांच्या तारेपेक्षा जुनी पिवळी तारच चांगले चित्र देई. पुढे सतत प्रत्ययाला आलेले एक तत्त्व यात प्रथम स्पष्ट झाले: तारेचा दर्जा स्वतंत्रपणे मोजता येत नाही, तिच्या दोन्ही टोकांना चित्रावर काय प्रक्रिया होते त्यावरच तो ठरतो.

लेझरडिस्कच्या काळातील घरगुती चित्रपटगृहाचे सर्वांत रोचक प्रकरण म्हणजे रेषा दुप्पट करणारी यंत्रे. एनटीएससी चित्र एका दमात रंगवले जात नाही; सेकंदाच्या साठाव्या भागात विषम क्रमांकाच्या रेषा आणि पुढच्या साठाव्या भागात सम क्रमांकाच्या रेषा, असे ते आलटून-पालटून उमटते. मोठ्या पडद्यावर या रेषा आणि त्यांच्यामधल्या काळ्या फटी मोजता येतील इतक्या ठळक दिसत. मूळचे फ्रेंच आणि कॅलिफोर्नियात कंपनी काढलेले अभियंते इव्ह फारूजा यांनी या दोन अर्धचित्रांतून एक संपूर्ण चित्र बांधून, एका दमात, दुप्पट वेगाने रंगवणारी यंत्रे तयार केली. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा आणि दूरचित्रवाणी ६० अर्धचित्रांची असल्याने एका चौकटीची दोन आणि पुढचीची तीन अर्धचित्रे करून हिशेब जुळवला जातो. मूळ स्रोत चित्रपट आहे हे ओळखून, कोणती अर्धचित्रे एकाच चौकटीतली आहेत हे शोधून ती नेमकी पुन्हा जुळवणे, ही फारूजांच्या कामातील खरी किमया होती. त्यांच्या यंत्रांची किंमत हजारो डॉलरांत असे आणि ती विकत घेणारे घर विरळा असे. पण आज शे-पाचशे डॉलरांच्या टीव्हीत जी प्रक्रिया एका चिपमध्ये मुकाट्याने होते तिची पूर्वजा हीच कपाटाच्या फळीवरची पेटी होय.

अशी पेटी मध्ये आली की जोडणीचे रूपही बदलले. दुप्पट वेगाचे चित्र कोणत्याही घरगुती तारेत मावत नसे, म्हणून ते लाल, हिरवा, निळा, आडव्या रेषांची वेळ सांगणारा सिग्नल आणि उभ्या चौकटीची वेळ सांगणारा सिग्नल अशा पाच स्वतंत्र तारांनी प्रोजेक्टरकडे नेले जाई. प्रत्येक तारेच्या टोकाला फिरवून घट्ट बसणारे, व्यावसायिक स्टुडिओत वापरले जाणारे बीएनसी टोक असे. तीन नळ्यांचा प्रोजेक्टर छताला टांगलेला, मोठ्या नमुन्यांचे वजन शंभर किलोंच्या पुढे, आणि यंत्रांचे कपाट खोलीच्या दुसऱ्या टोकाला, तेव्हा पाच तारांचा तो जुडगा दहा-पंधरा मीटर भिंतीतून न्यावा लागे. पाचही तारांची लांबी सारखी ठेवणे आवश्यक होते, कारण एखादी तार बरीच लांब असेल तर तिच्यातला रंग किंचित उशिरा पोहोचून आकृतीच्या कडेला सरकलेला दिसे. शिवाय तिन्ही चित्रे एकमेकांवर बसवण्याचे काम वेगळेच होते. प्रत्येक स्रोताच्या रेषांचा वेग निराळा असल्याने प्रत्येकासाठी ती जुळणी नव्याने करून प्रोजेक्टरच्या स्मृतीत साठवावी लागे. या कष्टांतून एक कारागिरी निर्माण झाली. १९९४मध्ये जो केन आणि जोएल सिल्व्हर यांनी चित्र नेमके जुळवण्याचे शिक्षण देणारी संस्था स्थापन केली, तीत तयार झालेले तंत्रज्ञ मोजमापाची उपकरणे घेऊन घरोघर जाऊ लागले. पाच तारांची ही जोडणी अत्यंत गैरसोयीची होती आणि सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची होती, हे खरे. तथापि चित्राच्या स्रोतापासून पडद्यापर्यंत काहीही न मिसळता, काहीही न दडवता, कोणाची परवानगी न मागता सिग्नल पोहोचवणारी घरगुती तार यापेक्षा चांगली कधी झाली नाही, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

युरोपातील वाट थोडी निराळी होती. फ्रान्समध्ये १९७०च्या दशकात तयार झालेले एकवीस पिनांचे स्कार्ट टोक तेथील संचांवर सक्तीचे झाले आणि त्यातून लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही रंग वेगवेगळे नेण्याची सोय सामान्य ग्राहकाला आपोआप मिळाली, जी अमेरिकेत अनेक वर्षे केवळ स्टुडिओंना आणि श्रीमंत हौशींना होती.

नोव्हेंबर १९९६मध्ये जपानात आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत डीव्हीडी आली, आणि तिने तारेच्या इतिहासाला वळण दिले. डीव्हीडीवर चित्र अंकीय स्वरूपात, उजळपणा आणि रंगांचे दोन फरक अशा तीन घटकांत साठवलेले असते. ते कधीही संयुक्त झालेले नसते. स्वाभाविकच ते तीन घटक तसेच बाहेर काढणारी घटकवार, म्हणजे कंपोनंट, जोडणी लोकप्रिय झाली. तिची हिरवी, निळी आणि लाल टोके पाहून अनेकांचा समज होई की त्यांतून तेच तीन रंग जातात. वास्तविक हिरव्या तारेत संपूर्ण उजळपणा, म्हणजे खरे तर पूर्ण कृष्णधवल चित्र, असते, आणि उरलेल्या दोन तारांत निळा आणि लाल हे रंग त्या उजळपणापेक्षा किती वेगळे आहेत याचे हिशेब असतात. रंगाच्या बारकाव्याबाबत मानवी डोळा उजळपणाइतका चोखंदळ नसल्याने हे हिशेब कमी जागेत भागवता येतात, आणि १९५३च्या तडजोडीमागचेही शास्त्र हेच होते. फरक इतकाच की आता ते वेगवेगळ्या तारांत होते. १९९८मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या उच्च स्पष्टतेच्या प्रक्षेपणासाठी घेतलेले पहिले महागडे संच आणि प्रोजेक्टर याच तीन तारांवर विसंबून होते, आणि ही गोष्ट पुढे त्यांच्या मालकांना महाग पडणार होती.

चित्र डिस्कवर अंकीय असताना ते बाहेर मात्र अनुरूप, म्हणजे ॲनालॉग, विजेच्या चढउतारांत रूपांतरित करूनच का काढायचे, हा प्रश्न प्रोजेक्टरधारकांना लवकरच पडला. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७मध्ये तयार केलेल्या सूक्ष्म आरशांच्या चिपवर आधारलेले डीएलपी प्रोजेक्टर १९९६पासून बाजारात आले होते, द्रवस्फटिकांचे प्रोजेक्टर त्याआधीपासून होते, आणि या दोन्हींत पडद्यावरचा प्रत्येक बिंदू मोजलेला असे. म्हणजे अंकांचे चढउतार करायचे, तारेतून न्यायचे आणि प्रोजेक्टरने त्यांचे पुन्हा अंक करायचे, असा दुहेरी अनुवाद विनाकारण होत होता. कारण तांत्रिक नव्हते. डीव्हीडीचे चित्रपट वितरित करणाऱ्या स्टुडिओंना अंकीय तार म्हणजे घरोघर वाटलेली परिपूर्ण नक्कल वाटत होती. ॲनालॉग तारांवर त्यांनी आधीच मॅक्रोव्हिजनचा पहारा बसवला होता. १९८५च्या सुमारास ‘द कॉटन क्लब’ या चित्रपटाच्या कॅसेटपासून वापरात आलेल्या या पद्धतीत चित्राच्या न दिसणाऱ्या भागात खोटे स्पंद घुसवून रेकॉर्डरच्या स्वयंचलित उजळपणा-नियंत्रणाला चकवले जाई, म्हणजे नक्कल केलेले चित्र आळीपाळीने काळवंडे आणि उजळे. काही प्रोजेक्टरांनाही हे स्पंद चकवत, आणि कॅसेट रीतसर विकत घेणाऱ्यालाही अधूनमधून काळवंडलेले चित्र पाहावे लागे. अंकीय मार्गावर तर सुरुवातीच्या प्लेअरांत बाहेर पडण्याचे दारच ठेवले नव्हते.

हौशी लोकांनी ते दार स्वतः पाडले. प्लेअरचे आवरण उघडून, आतल्या चिपकडून येणारा अंकीय प्रवाह पकडून, स्टुडिओत वापरल्या जाणाऱ्या एसडीआय या अंकीय तारेवर तो बाहेर काढणारी छोटी पट्टी आत बसवण्याची पद्धत त्या वर्षांत रुजली. दुसरा मार्ग संगणकाचा होता. १९८७मध्ये आयबीएमच्या पीएस/२ संगणकांसोबत आलेली पंधरा पिनांची व्हीजीए तार कार्यालयांतील प्रोजेक्टरांमुळे सर्वत्र परिचित झाली होती. संगणकातच डीव्हीडी वाचून, रेषांची जुळणी प्रोग्रामकडून करवून, पूर्ण चित्र त्या तारेने प्रोजेक्टरला दिले की फारूजांच्या पेटीच्या तोडीचे चित्र तिच्या किमतीच्या अंशात मिळे. डीस्केलर या मुक्त प्रोग्रामने तर साध्या टीव्ही कार्डावरून आत घेतलेल्या चित्रालाही ही सोय दिली. ज्ञान वाटून घेणाऱ्या लोकांनी उद्योगाच्या नकारावर स्वतःच्या श्रमाने मात केल्याचे हे उदाहरण तंत्रज्ञानाच्या इतिहासात अधिक आदराने नोंदले जायला हवे.

एप्रिल १९९९मध्ये इंटेल, सिलिकॉन इमेज, आयबीएम आणि इतर काही कंपन्यांनी संगणकाच्या पडद्यांसाठी डीव्हीआय हे अंकीय मानक प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी इंटेलने त्यावर बसणारे कुलूप आणले, ज्याचे नाव एचडीसीपी. त्याची रीत अशी, की स्रोत आणि पडदा या दोन्हींकडे परवानाधारक उत्पादकाने बसवलेल्या प्रत्येकी चाळीस गुप्त किल्ल्या असतात. तार जोडताच दोघे एकमेकांना आपापली खूण सांगतात, किल्ल्यांवरून एक समान आकडा दोन्हीकडे काढला जातो, तो जुळला तरच चित्र त्या आकड्याने कुलूपबंद होऊन तारेतून वाहते, आणि न जुळल्यास पडदा काळा राहतो किंवा चित्राचा दर्जा खाली येतो. डिसेंबर २००२मध्ये हिताची, मात्सुशिता, फिलिप्स, सिलिकॉन इमेज, सोनी, थॉमसन आणि तोशिबा यांनी मिळून एचडीएमआय मानक प्रसिद्ध केले. त्याने डीव्हीआयचे चित्र, अनेक वाहिन्यांचा आवाज आणि यंत्रांमधले संभाषण एकोणीस पिनांच्या एकाच टोकात आणले. पन्नास वर्षे जे एकात एक मिसळले होते आणि पंचवीस वर्षे जे कष्टाने वेगवेगळ्या तारांत फोडले गेले होते, ते आता न मिसळताही एका तारेत सुखाने राहू लागले. सोय खरोखर मोठी होती. कुलूपही त्याच तारेतून घरात आले.

त्याचा जाच कोणाला झाला हे पाहणे महत्त्वाचे आहे. बेकायदा प्रती विकणाऱ्याला तारेची गरजच नव्हती, तो डिस्कवरूनच काम भागवत असे. अडकला तो ग्राहक ज्याने १९९८ ते २००३च्या दरम्यान, म्हणजे सर्वांत आधी आणि सर्वाधिक किंमत देऊन, उच्च स्पष्टतेचा प्रोजेक्टर घेतला होता. त्याच्याकडे तीन घटकवार तारा होत्या, किंवा डीव्हीआय सॉकेट होते पण त्यामागे किल्ल्या नव्हत्या. २००६मध्ये ब्लू-रे आली तेव्हा तिच्या संरक्षण करारात अशी तरतूद होती की वितरकाने ठरवल्यास ॲनालॉग तारेवरचे चित्र जाणूनबुजून कमी स्पष्टतेचे करता येईल. त्याच करारानुसार २०१०नंतर बनणाऱ्या प्लेअरांना ॲनालॉग मार्गाने डिस्कवरचे संरक्षित चित्रपट केवळ जुन्या, कमी स्पष्टतेच्या आलटून-पालटून रेषांतच देता येऊ लागले, आणि २०१३नंतरच्या प्लेअरांतून हा मार्ग बंदच झाला. छताला टांगलेला शंभर किलोंचा प्रोजेक्टर उत्तम चालत असताना, त्याची नळी शाबूत असताना, त्याला नवे चित्र देणारे यंत्र दुकानात मिळेनासे झाले. सप्टेंबर २०१०मध्ये एचडीसीपीची मूळ किल्ली, जिच्यातून इतर सर्व किल्ल्या घडवता येतात, उघड्यावर आली आणि ती खरी असल्याचे इंटेलने मान्य केले. कुलपाचे गणितच दुबळे असल्याचे तज्ज्ञांनी २००१मध्येच दाखवून दिले होते. तरीही करार, परवाने आणि पहिल्या मालकांची अडवणूक यांत काहीही बदलले नाही.

अंकीय तारेची स्वतःची एक मर्यादा प्रोजेक्टरच्या घरांत प्रकर्षाने जाणवली, ती लांबीची. ॲनालॉग तार लांबत गेली की चित्र हळूहळू मवाळ होत जाई. अंकीय तारेत मात्र ते एका मर्यादेपर्यंत निर्दोष राहते आणि मग पडद्यावर पांढरे ठिपके चमकू लागतात किंवा चित्र एकदम नाहीसे होते. टीव्हीखालच्या कपाटाला दोन मीटर तार पुरते, पण छतावरच्या प्रोजेक्टरला दहा ते पंधरा मीटर लागते. पहिल्या एचडीएमआयची वाहनक्षमता सेकंदाला सुमारे ५ गिगाबिट होती, २०१३च्या २.० आवृत्तीत ती १८ आणि २०१७च्या २.१ आवृत्तीत ४८ गिगाबिट झाली, आणि प्रत्येक वाढीबरोबर तांब्याच्या तारेची भरवशाची लांबी घटत गेली, म्हणजे भिंतीत पक्की गाडलेली चांगली तार चार-पाच वर्षांत अपुरी पडू लागली. यावर २०१०मध्ये एलजी, सॅमसंग, सोनी आणि व्हॅलेन्स यांनी पुढे आणलेल्या एचडीबेसटी मानकाने संगणक-जाळ्याच्या साध्या तारेवरून शंभर मीटरपर्यंत चित्र नेण्याची सोय केली, आणि नंतर दोन्ही टोकांना छोटे रूपांतरक असलेल्या काचतंतूंच्या तारा घरगुती दरात मिळू लागल्या. अशा तारेला दिशा असते. स्रोताकडचे टोक प्रोजेक्टरला लावले तर काहीच दिसत नाही, आणि भिंतीत ओढून झाल्यावर ही चूक कळणे फार त्रासाचे ठरते. म्हणूनच अनुभवी तंत्रज्ञ घर बांधतानाच भिंतीत रुंद, सरळ, रिकामी नळी टाकून ठेवण्याचा आग्रह धरतात.

२०१३मध्ये कुलपाची २.२ ही नवी आवृत्ती आली आणि आधीचाच प्रसंग पुन्हा घडला. सर्वांत आधी ४के प्रोजेक्टर घेणाऱ्यांच्या यंत्रांत ती नव्हती, तर २०१६मध्ये आलेल्या अल्ट्रा एचडी ब्लू-रेला ती आवश्यक होती. आता बरेच प्रोजेक्टर स्वतःच इंटरनेटशी जोडलेले असतात, चित्रपट सेवा त्यांच्या आतच चालतात आणि स्रोत व पडदा यांच्यामध्ये डोळ्यांना दिसणारी तार उरत नाही. परवानगीचा प्रश्न मात्र तारेसोबत गेलेला नाही. एखाद्या सेवेने प्रमाणित न केलेल्या प्रोजेक्टरमध्ये ती सेवा चालत नाही किंवा कमी स्पष्टतेत चालते, आणि मग त्याचा मालक प्रमाणित असलेली छोटी कांडी विकत आणून ती प्रोजेक्टरच्या मागच्या एचडीएमआय सॉकेटात बसवतो.